पाण्यातले देव

गुरु. ९ जाने.
डोकं फिरलंय. कॉलेजात आता दर गुरुवारी 'आनंद तास'. हजेरी सक्तीची. आनंदाला हजेरी, घ्या! आज मॅडम म्हणाल्या, ज्यांची श्रद्धा असते ती मुलं सुखी असतात. मग, "रोज प्रार्थना कोण कोण करतं? हात वर." मी नाही केला. "अनघा, म्हणूनच चेहरा असा असतो का गं तुझा?" अख्खा वर्ग खिदळला.

चेहरा म्हणे! दादाला जाऊन वर्षसुद्धा नाही झालं. तो दवाखान्यात होता तेव्हा आईनं घरातले सगळे देव पाण्यात ठेवले होते. तरी गेलाच. हे मॅडमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. खाली मान घालून वहीत रेघोट्या ओढत बसले. मूर्ख मी.

सातला आईचा फोन, देवळालीहून. रोज दिवेलागणीला करते. आधी घंटा ऐकवते, मग, "नमस्कार केलास का बाळा? मन शांत राहतं." केला म्हटलं. रोजचंच खोटं. तिला तेवढाच आधार उरलाय, तो कशाला काढून घेऊ.

शुक्र. १०
शगुफ्ता, माझी रूममेट, मालेगावची. नमाज पढून उठत होती, उगाच तिच्यावर घसरले. "खरंच बरं वाटतं का गं यानं, की नुसती सवय?"
"रोज नाही वाटत यार. कधी कधी नुसती भांडून उठते."
मला तर भांडायचंही नाही. अबोला म्हणजे अबोला. मग दिवसभर ही चिडचिड कोणावर होते, देव जाणे. (बघा, आलाच तोंडात.)
ठरलं. उद्या न सांगता घरी. आईला सांगून टाकणार, मी हात जोडत नाही. रडली तर रडली.

शनि. ११
गंगापूर रोडलाच बस रखडली. पोचेपर्यंत सात. दारात चप्पल काढतेय तोच फोन वाजला. उचलला. घंटा फोनमध्ये आणि घरातही. आई ओट्याशी उभी, एका हातात फोन, दुसऱ्यात घंटा. दिवा नाही, काही नाही. देव्हारा रिकामा.
देव कोपऱ्यात, त्याच पितळी पातेल्यात. पाण्यात. अजून!
असली भडकले. "मला रोज शांतीचे डोस पाजतेस, आणि हे काय?"
"तू तिथं एकटी. तुला धरायला काहीतरी नको?"
"मग काढले का नाहीत यांना?"
आई ओरडली. आयुष्यात कधी ओरडत नाही ती. "नाही काढणार! पाणी आटलं की वरून ओतते. माझं पोर गेलं. बसू देत बुडून!"
मग मीही माझं सांगून टाकलं. खूप भांडलो, खूप रडलो. एकमेकींशी भांडणच नव्हतं खरं तर. नंतर तिनं पिठलं टाकलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले. हे त्या आनंद तासात कोणाला सांगू?

रवि. १२
हॉस्टेल. सातला फोन. घंटा नाही. "जेवलीस का?" एवढंच. नमस्काराचं विचारलं नाही.
ठेवता ठेवता मीच विचारलं, "आज पाणी ओतलंस?"
"आज नाही ओतलं गं. उद्याचं उद्या बघू."