भाट्यातलं घर विकेपर्यंत

१६ फेब्रुवारी

पोचले बाई एकदाची! आंबा घाट उतरताना आतडी तोंडात आली होती. पण रिक्षा भाट्याच्या पुलावर आली, उजव्या हाताला एकदम समुद्र दिसला आणि मी येड्यासारखी एकटीच हसत सुटले. कराडच्या माणसानं एवढं पाणी एकदम बघू नये.

घर तर काय सांगू! जुनं नाही, पडकं नाही. अनिल म्हणून कुणी बोटीवर नोकरीला आहे, त्यानं हौसेनं बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, लाल गुळगुळीत लादी, पुढे पडवी, मागे नारळी. मागच्या खोलीला समुद्राकडची खिडकी आणि तिला बसायला रुंद कट्टा. माझी सानवी बघेल तर तिथून उठायची नाही.

सुजयदादा इथं घरं-जमिनी विकून देतात. बंद घराला वास येतो, गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं, म्हणून हे घर विकेपर्यंत मी इथं राहायचं, खिडक्या उघडायच्या, संध्याकाळी दिवा लावायचा, आलेल्याला घर दाखवायचं. विकलं की नोकरी पक्की आणि दादांच्या ऑफिसवरच्या दोन खोल्या माझ्या. मग जूनच्या शाळेला सानवी इथं! तिचे बाबा गेल्यापासून ती माझ्या आईकडं वाढतेय, सात वर्षांची झाली. तोवर तिला या घरात मात्र आणायचं नाही, ही दादांची अट. पोराबाळांचं बिऱ्हाड दिसलं की घर खाली होणार नाही असं गिऱ्हाईकाला वाटतं म्हणे. मी म्हटलं, चालेल. घर विकायला असा किती वेळ लागतो?

२ मार्च

लागतो. दादा आज खरं बोलले. समुद्राजवळचं, कागद चोख असलेलं घर एका आंब्याच्या हंगामात जातं. हे तीन वर्षं पडून आहे.

गिऱ्हाइकं येतात, विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का विचारतात, पडवीत फोटो काढतात. मागच्या खोलीशी आली की त्यांचा चेहरा उतरतो. एक बाई म्हणाली, कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटतंय. मी मनात म्हटलं, नखरे बघा! बाकी मला इथं झोप छान लागते.

१३ मार्च

शिमगा. पालखी घरोघर फिरतेय, ढोल ऐकून कान किटले. शेजारच्या सगुणाकाकू पोळी घेऊन आल्या आणि एक गोष्ट सांगून गेल्या. मागच्या चाफ्याखाली जो दगड आहे तो या जागेचा राखणदार. घर सोडताना नारळ ठेवून त्याला गाऱ्हाणं घालायचं, अमुक जातोय, तमुक येईल, सांभाळून घे. अनिलनं काही सांगितलंनच नाही त्याला, काकू म्हणाल्या. कुलूप लावलंन नि गेला. तो आपला राखतोच आहे, गो बाय, दुसऱ्याला कसा शिरू देईल?

गाऱ्हाणं देवळातल्या लवू गुरवानंच घालायचं असतं, पण पालखी देवळात परत बसेपर्यंत त्याला सवड नाही. इतके दिवस कोण थांबणार? मीच नारळ आणला, विडा ठेवला, हात जोडले. म्हटलं, देवा, या घरात राहायला लवकर माणूस येऊ दे, आणि माझ्या सानवीला माझ्याकडं आण. कराडात गणपतीला नाही का आपण मागत? बरं वाटलं.

२२ मार्च

चिपळूणचं जोडपं आलं होतं. पहिल्यांदाच कुणी सगळं घर हसतमुखानं पाहिलं! निघताना बाई म्हणाल्या, मुलगी गोड आहे हो तुमची, खिडकीत बसून पाय काय हलवत होती, पुढचा दात पडलाय, पिवळी रिबीन. मी म्हटलं, शेजारची असेल.

सानवीचा दात काल पडला. आईनं सकाळीच फोनवर सांगितलं. पिवळी रिबीन मी निघताना घेऊन दिलेली.

योगायोग असेल. असतात की.

५ एप्रिल

चिपळूणकर नको म्हणाले. नंतरचे दोघेही. कारण एकच, तिथं बाई मुलीसकट राहते, उद्या ताबा मिळायचा नाही. दादा संतापून आले, लेकीला लपवून आणलंस का म्हणून त्यांनी खोल्या शोधल्या. मी आईचीच शपथ घेतली. मला एवढंसुद्धा काही दिसत नाही. कट्ट्यावरची धूळ मात्र रोज पुसलेली दिसते, एका बुडाएवढीच. लहान.

११ एप्रिल

आईचा फोन. सानवी आठवडाभर गैरहजर का, असं शाळेतून विचारलं. आई म्हणते, मी स्वतः तिला वर्गात बसवून येते, बाकावर असते ती! बाईंना दिसत कशी नाही?

सानवीशी बोलले. आवाज विहिरीतून आल्यासारखा. म्हणाली, आई, तुझ्या खिडकीतून होड्या दिसतात ना, एक निळी आहे.

तिनं हे घर पाहिलेलं नाही. मी फोटो पाठवलेला नाही. निळी होडी आहे.

१२ एप्रिल

सगुणाकाकूंना सगळं सांगितलं. गाऱ्हाण्यात काय मागितलंस ते शब्दाला शब्द सांग म्हणाल्या. सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. एका नारळावर एकच मागणं, गो! दोन मागितलीस, राखणदारानं जोडून घेतलंन. माणूस हवं नि सानवी हवी. त्यानं सानवीच आणायला घेतलंन.

लवू गुरव आला. चाफ्याखालचा दगड बघून आला. म्हणाला, ऐकलेलं गाऱ्हाणं परत फिरत नाही. दुसरं कुणी आपला दिवा घेऊन या घरात राहायला आलं, तर मागणं पुरं होईल, पोर सुटेल. तोवर संध्याकाळचा दिवा चुकवायचा नाही. आणि या घरात तिला नावानं हाक मारायची नाही. हाक मारलीस की बोलावणं झालं, मग ती कायमची इथलीच.

आता नाव लिहिणारसुद्धा नाही. लेक. माझी लेक.

१९ एप्रिल

राहवेना, सकाळी कराडला पळाले. पोरीला कवेत घेतलं तर हाताला काही वजनच नाही, नुसतं फ्रॉकचं कापड. संध्याकाळ झाली आणि ती किंचाळायला लागली, आई, अंधार, आई, दिवा लाव! घरात ट्यूब जळत होती. मी काकूंना फोन केला, त्यांनी भाट्यातल्या घराच्या पायरीवरूनच दिवा लावला, तेव्हा गप्प झाली. काकू म्हणाल्या, पुन्हा मला सांगू नकोस, मागणारीनंच लावायचा असतो.

परत आले. लेकीला तिथं सोडून इथं तिच्यासाठी दिवा लावतेय. काय हे माझं कर्म!

७ मे

विकलं! जयगडच्या मालनताई, निवृत्त नर्स, एकट्या. मागच्या खोलीत त्या थांबल्या, खिडकीकडं बघून हसल्या आणि म्हणाल्या, असू दे की पोर, येत जाऊ दे खेळायला. मी त्यांचे पायच धरले. घाबरल्या बिचाऱ्या.

१५ मे

अनिल बोटीवर. सहीचा अधिकार मंडणगडच्या भावाकडं, तो आजारी. मी म्हटलं, नुसतं राहायला तरी या, कागद मागाहून करू. मालनताई म्हणाल्या, सहीशिवाय मी परक्याच्या घरात पाय ठेवायची नाही. बरोबर आहे त्यांचं. कुणाला काय सांगू?

आई म्हणते, पोर आरशात दिसत नाही नीट.

२४ मे

सही झाली. रजिस्टरची तारीख एकतीस. त्याआधीची मिळत नाही — मी ऑफिसात रडले, लोक बघत होते. घर विकायला किती वेळ लागतो, असं मीच लिहिलं होतं ना वर. हसत.

आता मलाही पाय दिसतात. कट्ट्यावरून लोंबणारे. गुडघ्यापर्यंतच.

३१ मे, दुपार

रजिस्टर झालं. मालनताई सामान आणायला जयगडला गेल्या, उद्या सकाळी दिवा घेऊन येतायत. एकच रात्र. देवा, एकच —

३१ मे, रात्र

आईचा फोन. पोर नाही. समोर बसून भात खात होती, आई पाणी आणायला वळली, ताट तसंच, भात तसाच, पोर नाही. गल्लीभर शोधतायत —

मला माहीत आहे कुठं आहे.

मागच्या खोलीत. आता पूर्ण दिसते. रिबीन, पडलेला दात. हनुवटीला भाताचं शीत लागलंय.

माझ्याकडं बघत नाही. समुद्राकडं बघते. दिवा लावलाय, तरी —

तिच्यातून खिडकीचे गज दिसायला लागलेत. मघाशी दिसत नव्हते.

उद्या सकाळपर्यंत — एवढंच थांब बाळा — मालनताई —

काकूंना हाका मारल्या. दार बंद आहे त्यांचं. लवूचा, मालनताईंचा, कुणाचाच फोन लागत नाही.

गज स्पष्ट दिसतायत. बाहेरची होडीपण. निळी. सकाळपर्यंत उरणार नाही ती. इथं नाही, कराडलाही नाही —

नावानं हाक मारायची नाही. नाही. तोंडात पदर कोंबलाय. हात लिहितोय म्हणून —

वळली. रडतेय. म्हणते, आई, मी कुठं जाऊ? मला कुणी हाकच मारत नाही.

इथं तरी असेल. माझ्याजवळ असेल. मी घर सोडणारच नाही, मालनताईंना दारातूनच —

सान