सुती लुगडी

भेस्तान, सुरत

प्रिय तारा,

माझं अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवलं असशील, तर पुन्हा उचल. शिव्या द्यायला लिहीत नाहीये. त्या मी हिलालला देते, तो जेलमध्ये असला तरी रोज देते. तू त्याची बायको असलीस तरी त्यात तुझा वाटा नाही.

इथलं सगळं तसंच आहे. मी घरी साड्यांवर स्टोन चिकटवते, नळावर भांडणं चालतातच. सासूबाई मात्र आता दाराकडे पाठ करून बसतात, कारण ते दारातच झालं. आपले नवरे सचिन गावच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर होते. हिलालला कामावरून काढलं आणि त्याला वाटलं, लखननं शेठचे कान भरले. भरले नव्हते गं. हिलालनं कापड कापायचं कटर लखनच्या मांडीत खुपसलं आणि खाली ओढलं. रक्त उसळून माझ्या तोंडावर आलं. ती खारट चव अजून जात नाही.

तू तुझ्या आईचं जुनं सुती लुगडं नेसायचीस म्हणून आम्ही बायका हसायचो. त्या दिवशी तू धावत आलीस, त्याच लुगड्याचा पदर फाडून जखमेत कोंबलास आणि दोन्ही मुठींनी दाबून बसलीस. रक्त थांबत आलं होतं, लखनचं डोकं माझ्या मांडीवर होतं, मी पाहिलंय. मग सगळे तुझ्यावर तुटून पडले. ज्यानं भोसकलं त्याचीच बायको अंगाला हात लावते म्हणून सासूबाईंनी तुझे केस धरून तुला ओढलं. पदराचा बोळाही तुझ्या मुठीतच निघून आला. कुणी पोटात लाथा घातल्या, उंबऱ्यावर तोंड आपटलं, दात पडला. आणि लखनला गुंडाळायला माझ्या कामाच्या गठ्ठ्यातल्या नव्या साड्या काढल्या. सगळ्या पॉलिस्टरच्या. रक्त त्यात मुरेना, नुसतं खाली घसरत राहिलं. वर दर घडीला कुणीतरी साडी उचलून बघत होतं. रिक्षातच तो गेला.

परवा इथल्या शाळेत एका डॉक्टरीणबाईंनी रक्त थांबवायला शिकवलं. फोमच्या तुकड्याला जखमेसारखं भोक होतं, त्यात सुती कापड ठासायचं, अंगाचा भार टाकून दाबायचं, दवाखाना येईपर्यंत सोडायचं नाही आणि उचलून बघायचं नाही. मी लखनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या बाईला ओढून काढलं नसतं तर कदाचित वाचला असता. माझी पाळी आली तेव्हा फोममधून लाल पाणी आलं आणि मी तिथंच ओकले. मला हे जमायचं नाही.

आपल्या खानदेशी मंडळानं लखनच्या नावानं शिष्यवृत्ती काढलीय. एका बाईनं हे रक्त थांबवायचं काम पूर्ण शिकायचं आणि मग गल्लीगल्लीत शिकवायचं. फी, राहणं, बुडालेली मजुरी, सगळं मंडळ देणार. पहिलं नाव मी सुचवायचं होतं. मी तुझं दिलं. त्यावरून घरात ताटं आपटली, सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. काल मात्र त्यांनी आपणहून विचारलं, ताराचा दात बसवला का. तू माहेराहून ये. येताना आईची जुनी लुगडी असतील तेवढी घेऊन ये, इथं आमच्याकडे सुती चिंधीसुद्धा नाही.

तुझीच,
चंचल