रुचिराचे दात

अमौसी, लखनौ
१४ जून

प्रिय भूषण,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला नाही. सवय, दुसरं काय! नवरा होण्याआधी तू माझा आतेभाऊ होतास, तेव्हापासून तुला पत्रं लिहितेय.

रुचिराला परवा दात बसवले. वरचे, खालचे, सगळे. सात वर्षांच्या पोरीला कवळी! पण स्वारी अशी खूश, की घरी येताच मलिहाबादचा दशहरी आंबा सालासकट चावला. आता रस नको म्हणाली, तेही हिंदीत. तळहात अजून तसेच आहेत, जाड, भेगाळलेले. त्याच आजारानं बोटांची हाडंही झिजताहेत, म्हणून दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढतो.

चौथ्या वर्षी तिचे दुधाचे दात ताटात गळून पडायला लागले, तेव्हा आत्यांनी अख्ख्या कॉलनीत सांगितलं, सुनेच्या आईच्या माहेरचं रक्तच किडकं. स्वतःच्या भावाची मुलगी हौसेनं सून करून आणली, आणि खापर मात्र माझ्या आईवर! तू मूग गिळून बसलास. आपण तिघांनी तपासणीला रक्त दिलं आणि आठवड्यात तू आम्हा दोघींना घराबाहेर काढलंस. रिपोर्टचं विचारलं, तर आलाच नाही म्हणालास. मग घटस्फोट. मी बावळट, तीन वर्षं आईला दोष देत राहिले. तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही रे. मागच्या थंडीत ती गेली.

दातांच्या डॉक्टरांना तो जुना रिपोर्ट हवा होता, म्हणून गेल्या महिन्यात लॅबमध्ये गेले. रजिस्टरवर तुझी सही! आम्हाला काढल्यानंतर बाराव्या दिवशी तू तो घेऊन गेलास. मी दुसरी प्रत काढली. दोष आईबाप दोघांकडून आला तरच हा आजार होतो. डॉक्टर म्हणाले, इतका दुर्मीळ दोष दोघांत सारखाच, म्हणजे एकाच घरातून आलेला. तुला आत्यांकडून, मला माझ्या बाबांकडून. त्या बहीणभावांकडून. आईचा काडीचाही संबंध नव्हता, आणि हे तुला तीन वर्षं माहीत होतं.

आठवड्यापूर्वी तुझ्या लग्नाची पत्रिका आली. मुलगी कोण, तर माझ्या दादारावकाकांची स्वरदा. पुन्हा मामाचीच! तिला तरी सांगायचंस, निर्लज्जा. मी सांगितलं. रिपोर्ट आणि तुझ्या सहीच्या पानाचा फोटो काकांना पाठवला, तिलाही पाठवला. तिचा फोन आला. रडली नाही, फक्त सहीची तारीख पुन्हा विचारून घेतली. लग्न मोडल्याचं तुला हे पत्र मिळायच्या आधीच कळलं असेल. ते मी मोडलं, हे माझ्या अक्षरात तुझ्यासमोर असावं म्हणून लिहिलं. सोबत आत्यांसाठी रिपोर्टची वेगळी प्रत आहे, त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. माफी मागायला येऊ नकोस. जिची मागायची, ती आता नाही.

तुझीच, एवढंच नातं उरलेली मामेबहीण,
भावना