उंबऱ्याच्या बाहेरून

सोलापूर,
रविवार, ९ मार्च २०२५

चि. सिद्दव्वा,

तुला, जावयांना आणि पोरांना पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. ऊन आत्ताच तापायला लागलंय, नळाला पाणी अजूनही दिवसाआड येतं आणि अव्वाला सांभाळणाऱ्या रुपालीनं तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवलीय. यावेळी तिखट बेतानंच घातलंय म्हणाली. तिचं बेतानं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहेच.

पुण्याच्या त्या स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात अव्वाला ठेवायचं का, हे तू फोनवर विचारतेस आणि मी पाण्याचा विषय काढतो. जागा फार दिवस धरून ठेवणार नाहीत, तेही तू सांगितलंस. फोनवर मला हो आणि नाही एवढंच बोलता येतं, बाई. कागदावर जरा भटकता येतं. आज भटकू दे. शेवटी उत्तर देतो.

परवा खिडकीत बसलो होतो, तेव्हा आमची चौथीची शाळा आठवली. पत्र्याचं छप्पर, बाहेर लिंबाचं झाड, आणि सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय. अर्थ कुणालाच कळत नसे, पण शेवटच्या कडव्याला आवाज आपोआप खाली यायचा. टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे मोजत नोकरी संपली, तरी त्या कविता माझ्या डोक्यात तशाच राहिल्या. तुझी अव्वा मैंदर्गीहून लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. घरात सगळे कानडी बोलायचे, पण मला हौस! ती भाकरी थापायची आणि मी चुलीपाशी बसून रद्दीतून आणलेल्या शाळेच्या पुस्तकातल्या कविता म्हणायचो. ती तशाच पाठ करायची. एकदा दिवे गेले तर गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, तिमिर झाला, कंदील लावा!" शेजारणी महिनाभर हसत होत्या. तिचं मराठी म्हणजे असं. माझ्या तोंडून तिच्या तोंडी गेलेलं.

ते मराठी दिवाळीच्या सुमारास गेलं. हे तुला मी सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नाही.

मराठीबरोबर मीही गेलो. संक्रांतीनंतर ती मला बघून दचकायला लागली. मी खोलीत शिरलो की पदर घट्ट ओढून भिंतीला चिकटायची. "यार्री नीव?" म्हणायची. कोण तुम्ही? मी नाव सांगायचो. नवऱ्याचं नाव परक्या माणसाच्या तोंडून ऐकून ती आणखीच घाबरायची. एकदा व्हरांड्यातून तिला आवडायची ती पावसाची कविता म्हटली, सगळी, चालीसकट. तिनं रुपालीला विचारलं, तो म्हातारा कसले मंत्र टाकतोय? रुपाली बाहेर येऊन म्हणाली, "आप्पा, तुमी जरा भाईरच बसा की. आजीला लई भ्या वाटतंय. तुमचा काय दोष न्हाय, पर ती जेवंना झालीया."

खरंच जेवेना. रुपालीनं भरवलं तर तोंड फिरवायची. डॉक्टरांनी नळी घालावी लागेल असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडईतून भाजी घेऊन आलो. खांद्याला झोळीसारखी पिशवी, डोक्याला उन्हाचं उपरणं गुंडाळलेलं. आत गेलो तर ती घाबरेल म्हणून दारातच उभा राहिलो. आणि सिद्दव्वा, तिनं मला पाहिलं आणि डोक्यावरून पदर घेतला. दोन्ही हात जोडून म्हणाली, "बर्री अय्या, कूड्री."

या स्वामी, बसा.

आपल्या दारी दर सोमवारी भिक्षेला यायचे ते जंगम, ईरय्या स्वामी, तुला आठवत असतील. त्यांना वाढल्याशिवाय तुझी अव्वा घास घ्यायची नाही, तापानं फणफणली असली तरी. ते जाऊन किती वर्षं झाली. तिला मी तेच वाटलो. तिनं पाट मांडला, माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेणार तोवर रुपालीनं मला डोळ्यांनी दटावलं. मी जेवलो. मग ती चुलीपाशी बसली आणि पोटभर जेवली. रुपाली पदरात तोंड घालून रडत होती.

मी जंगम नाही. देव तर कधी मनापासून मानलाच नाही. तिची रोजची गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा चालायची तेव्हा मी पेपर वाचायचो. तसल्या माणसानं तिचा वाकून केलेला नमस्कार गिळायचा म्हणजे काय वाटलं असेल! पण तुला सांगतो, तसं वाढलेलं मी जन्मात जेवलो नव्हतो. नवऱ्याला ती घाईत वाढायची, मध्येच उठून दुधाकडे बघायची. या दारच्या माणसाला ती भाकरी मोडून, तूप लावून, समोर बसून वाढत होती. रोजच्या स्वयंपाकात ती इतकी वर्षं काय घालत होती ते मला तेव्हा कळलं.

मग तेच रोजचं झालं. सकाळी मागच्या दारानं बाहेर पडायचं, पुढच्या दारानं स्वामी होऊन यायचं. स्वामींशी ती बोलायची. माहेरचं, मेंढरांचं, विहिरीचं. एके दिवशी माझ्या कानाजवळ येऊन हळूच म्हणाली, "अय्या, आमच्या घरात एक म्हातारा येऊन राहिलाय. मालक कामाला गेलेत, घरात मी एकटी बाईमाणूस. तेवढं त्याला घालवा."

मी घास ताटात ठेवला. म्हणालो, "घालवतो, बाई. काळजी करू नको."

ती इतकी मोकळी हसली. खूप दिवसांनी.

स्वामींनी दिलेला शब्द. म्हणून मी घर सोडलं, सिद्दव्वा. रुपाली आता अव्वाजवळच झोपते आणि मी माझ्या दोस्ताच्या, प्रभुच्या, दुकानावरच्या खोलीत राहतो. हे पत्र तिथूनच लिहितोय. तू फोन करायचीस तेव्हा "अव्वा झोपलीय" म्हणायचो, ते खरं असेलही, मला दिसत नव्हतं. प्रभु म्हणतो, "या वयात बायकोनं घराबाहेर काढलेला सोलापुरातला पहिला गडी तू!" मी हसतो. त्याच्या बायकोनं दिलेली चादर चांगली उबदार आहे.

आणि खरं सांगू, ते दिवस वाईट नव्हते. पहाटे अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून मी आपल्याच गल्लीत निघायचो तेव्हा वाटेत उपरणं दोनदा नीट करायचो. लग्नाआधी मैंदर्गीला तिला बघायला गेलो होतो तेव्हा टोपी करत होतो तसं. दिवसातून एकदा का होईना, ती माझी वाट बघत होती. मला वाटलं, एवढं पुरेल. उरलेलं आयुष्य याच्यावर निघेल.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

शुक्रवारी सकाळी रुपाली गल्लीच्या तोंडालाच आडवी आली. म्हणाली, "आप्पा, आज नगा येऊ." अव्वानं अंघोळीनंतर गळ्यातलं लिंग हातात घेऊन तिला विचारलं होतं, हा दगड माझ्या गळ्यात कुणी बांधला? सोड तो, टोचतोय. लहानपणी दीक्षा झाल्यापासून जे एक दिवसही अंगावरून उतरलं नाही, ते. रुपालीनं कसंबसं समजावून पदराआड केलं. मी ऐकलं आणि तरी गेलो. दारात उभा राहिलो. ती उंबऱ्याशी आली, माझ्याकडे बघितलं. भीती नव्हती, ओळखही नव्हती. आपण दारावर आलेल्या कुणालाही सांगतो तसं सहज म्हणाली, "मुंदक्क होग्री."

पुढं जा.

मी शनिवारी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. आज सकाळी गेलो तर ती उठून दारापर्यंतही आली नाही. आतूनच हात हलवला. दोन दिवस पेजेवर आहे, तीही अर्धी सांडते.

मी देव न मानणारा माणूस, पण तिचा देव तिच्या हातून सुटला हे कळल्यापासून मला पोरकं वाटतंय. इतकी वर्षं तिच्या भरवशावर मी निवांत पेपर वाचत होतो बहुतेक. काल रात्रभर एखादी कविता आठवून पाहिली. चाल येते, शब्द येत नाहीत.

तर उत्तर. घेऊन जा तिला. नळी घालायची वेळ आली तर ते लोक नीट घालतील, रुपालीला ते जमायचं नाही. गळ्यातलं काढायला सांगितलं तर काढू देऊ नकोस, मऊ कापडात गुंडाळून राहू दे. ते तिला टोचत असेल, पण त्याच्याशिवाय तिला अंघोळ घालताना तुलाच बघवणार नाही. भाकरी दुधात कुस्करून दे. कानडी बोलणारी एखादी बाई तिथे असेल तर बघ.

मी गाडीत बसणार नाही. तू आग्रह करशील, म्हणून आत्ताच सांगतो. सोलापूर ते पुणे इतका वेळ परक्या पुरुषाशेजारी बसायला लावून तिला कशाला घाबरवायचं? गाडी निघेल तेव्हा मी प्रभुच्या खोलीत असेन. वर यायची गरज नाही. नंतरचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही. घरी परत जाईन म्हणतो, पण त्या दारातून आत जायची सवय मोडलीय.

अव्वाला माझा नमस्कार सांग, असं लिहिणार होतो. नको, सांगू नकोस. कुणाचा म्हणून विचारलं तर तुला उत्तर द्यावं लागेल.

मला हाक मारणारं घरातलं माणूस आता तू एकटीच. म्हणून खाली तेवढंच लिहितो.

आप्पा