पेटीवाल्याच्या दुकानात एक जागा भरणे आहे

भुसावळ, दि. ९ जून

आदरणीय छगननाना यांस,
मुक्काम धुळे

चांद पेटीवाल्याचा मनापासून सलाम. तुमचा गुडघा, सारिकाताईंचे बीपी आणि जावईबापूंचा स्वभाव, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. मी इकडे ठीक आहे (ठीक म्हणजे कसा, ते पुढे येईलच). फोनच करणार होतो, पण तुम्हाला ऐकू येत नाही, मी ओरडतो आणि आपल्या घरच्या गोष्टी सगळा बाजार ऐकतो. म्हणून कागद घेतला.

एप्रिलात मी दुकानात चक्कर येऊन पडलो. भुसावळचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा. वर पत्रा, खाली पत्रा, हातात पत्रा आणि मधे मी. पडल्याचे काही नाही हो, माणूस पडतोच. पण ते जगाला दोन तासांनी कळले, तेही एक गिऱ्हाईक धान्याच्या कोठीचे झाकण विचारायला आले आणि उत्तर मिळेना म्हणून रागाने आत डोकावले तेव्हा. कनीज होती तोवर मी एकला जेवायला घरी पोचलो नाही तर सव्वाला ती दुकानाच्या दारात उभी असायची. ती गेल्याला तीन वर्षे झाली, आता एकचे तीन वाजले तरी विचारणारे कोणी नाही. हसीब नाशिकहून धावत आला आणि त्याने बापाला निकाल ऐकवला: तीस जूनच्या आत दिवसभर सोबत राहील असा माणूस दुकानात ठेवा, नाहीतर कुलूप लावून नाशिकला चला. त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. तिथे मी काय ठोकणार?

आणि माणूस ठेवायचा तर कशाच्या जोरावर? तुम्ही गार्डाच्या नोकरीतून निवृत्त झालात काय, रेल्वेत गार्डाचा ट्रेन मॅनेजर झाला आणि माझ्याकडून जाणाऱ्या त्याच्या पत्र्याच्या पेटीची चाकाची बॅग झाली. उरलेले काम मला एकट्यालाच पुरत नाही. तेवढ्यात हसीबनेच मोबाइलवर शोधून काढले की बेरोजगारांना कामावर घेणाऱ्या मालकाला सरकार मदत करते. उमेदवार तेच शोधून देतात आणि पहिले सहा महिने त्याचे विद्यावेतनही तेच देतात. मला खरे वाटेना. आजवर सरकारने माझ्याकडे माणूस पाठवला तो फक्त वीज तोडायला.

नोंदणीचा फॉर्म इंटरनेटच्या दुकानात भरला. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात मी प्रामाणिकपणे सांगितले: दहा ते सहा बसणे, मधूनमधून बोलणे, मालक पडल्यास उचलणे. पण काँप्युटरात कामांची यादी ठरलेली असते आणि तीत बसणे हे काम नाही (सरकारी यादीत ते नसावे याचे मला नवल वाटले). शेवटी ‘सहाय्यक, पत्राकाम’ असे टाकले.

मग जळगावच्या रोजगार मेळाव्याचे बोलावणे आले. नाना, मला टेबल दिले, पंखा दिला, छातीवर ‘नियोक्ता’ अशी पट्टी लावली. समोर पोरांची रांग. मी एकेकाला बसवून घेतले, गाव विचारले, आजोबा काय करायचे ते विचारले, शिंदखेड्याच्या एकाचे मामा तर माझ्या ओळखीचे निघाले. शेजारच्या टेबलावर कंपनीवाल्यांनी साठ जणांना उरकले, माझे दुपारपर्यंत चार झाले. मेळाव्याच्या मॅडम दोनदा येऊन गेल्या, तिसऱ्यांदा खुर्ची ओढून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “काका, मुलाखत संपवायचीही असते.” इतका चांगला दिवस कितीतरी दिवसांत गेला नव्हता. संध्याकाळी परतताना लक्षात आले की निवड करायची राहूनच गेली.

मॅडमनीच मग वरणगावचा तेजस पाठवला. आयटीआय झालेला, हात असा की बघत राहावे. आता आमच्या उस्तादांची रीत तुम्हाला माहीत आहे: नव्या माणसाने पहिली पेटी स्वतःची करायची, स्वतःच्या हाताने झाकणावर नाव रंगवायचे, आणि ती पेटी त्याची. तेजसने चार दिवसांत केली. एकोणिसाव्या दिवशी त्याला पुण्याकडच्या कंपनीचे बोलावणे आले आणि तो त्याच पेटीत कपडे भरून गेला. त्याच्या मागून मिसबाह नावाची मुलगी आली, बी.कॉम. झालेली. माझ्या जेवणाची वेळ तिने पाठ केली होती, एक वाजला की हातातला हातोडा काढून घ्यायची. तिने पेटी अबोली रंगाची केली. परवा सुरतला नोकरी लागली, गेली. पेटीत सामान सुरेख मावले हे सांगायला तिने मुद्दाम फोन केला. माणूस थांबावा म्हणून धडपडणाऱ्याने आल्याआल्या त्याच्या हातात पेटी द्यावी, याला काय म्हणायचे? पण रीत मोडवत नाही.

मला दोघांचा राग नाही. जायलाच हवे त्यांनी. पण खरे सांगतो नाना, फार एकटे वाटते. ठोकताना आवाज असतो तोवर बरे असते. हातोडा खाली ठेवला की दुकान मोठे वाटू लागते, म्हणून हल्ली मी चांगल्या पत्र्यालाही उगीच ठोकत बसतो.

कळावे, लोभ आहेच तो वाढो.

आपला,
चांद

ता. क. १: योजनेला वयाची अट पस्तीस आहे आणि तुम्ही एकाहत्तरचे. तरी मी मॅडमना फोन करून विचारले. त्या हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, विद्यावेतन न घेता नुसते बसायला सरकारची परवानगी लागत नाही.

ता. क. २: म्हणून लिहितो की तुम्ही या. घरात दोन खोल्या आहेत, मी एकीतच राहतो. सारिकाताईंची समजूत तुम्ही काढा. हसीबला मी पटवतो की दोन म्हातारे मिळून एक माणूस होतो. मात्र तीस तारखेच्या आत या.

ता. क. ३: जमत नसेल तर तसे कळवा, मी रागावणार नाही. फक्त फोन करू नका, पत्रच लिहा. नवा पोस्टमन उखर्डू टपाल असले की दुकानात येऊन पाच मिनिटे बसतो. शक्य असल्यास एका पत्रात नकार लिहा आणि दुसऱ्यात कारण.