स्टॅक म्हणजे उडवी

६ फेब्रुवारी १९७४
यंदा नापास होणार नाही. होणारच नाही!
सात वर्षं पेणच्या या वाचनालयात मी पुस्तकं लावतेय, पुसतेय, शिवतेय. आणि गेल्या साली ग्रंथपालाच्या परीक्षेत आडवं काय आलं, तर पुस्तकं ठेवायच्या जागांचे इंग्रजी शब्द! त्यांचं मूळ सांगा, अर्थ लिहा. अख्खा प्रश्न कोरा. तीन मार्कांनी गेले.
आज अध्यक्ष गुणाजीशेठनी बोलावून सांगितलं — "ग्रंथपालाची जागा भरायची हाय. मे अखेर पास झालीस तर तुझी. नायतर बाहेरचा ट्रेनिंग झालेला माणूस घेऊ. त्याचा अर्ज आलाय."
आला तर आला! माझ्या डोक्यावर बसायला कोण कुठला मेला बाहेरचा!

१० फेब्रुवारी, रविवार
पेणच्या रामवाडी स्टँडवरून सकाळची एस.टी., रोह्याला परीक्षेचा वर्ग. शिकवायला दिनानाथ सर. पन्नाशीचे असतील, सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली. मी सगळं धडाधडा सांगून टाकलं — जागा, मुदत, तो बाहेरचा. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "पुढल्या रविवारपासून तासभर आधी या. शब्द वेगळे घेऊ."
फी विचारली तर खेकसले.

१७ फेब्रुवारी
लायब्ररी. सरांनी माझ्या वहीत स्वतः लिहून दिलं. मूळ लॅटिन — लिबर. म्हणजे झाडाची आतली साल! पूर्वी तिच्यावर लिहायचे म्हणे. मी पाठ करायला लागले तर सरांनी वही मिटली. "पाठांतर नको. तुमच्या घरातलं काय आठवतं ते सांगा."
आमच्या घरात कसली पुस्तकं! आई मिठागरात जाते, मी वाचनालयात. घरात तांदळाची कणगी आणि दोन ट्रंका.

३ मार्च
शेल्फ — फोडलेल्या लाकडाची फळी. बुककेसमधली केस — लॅटिन 'कापसा', म्हणजे पेटी. अर्काइव्ह — ग्रीकांच्या अधिकाऱ्याचा वाडा, दप्तर तिथंच असायचं.
आणि अल्मायरा, म्हणजे आपली अलमारी! पोर्तुगीजांकडून आलेला, त्याच्या मागे लॅटिन — हत्यारं ठेवायचं कपाट. म्हटलं, सर, हे मात्र मी मरेपर्यंत विसरायची नाही. पहिल्यांदाच हसले.

१० मार्च
आज स्टॅक, पुस्तकं रचून ठेवायची जागा. सर म्हणाले, मूळ अर्थ गवताची गंजी. मी ताडकन उठले — अहो, म्हणजे उडवी! मामाकडे भाताची रचतात ती! लोंब्या आत, बुडखे बाहेर, पाऊस लागला तरी दाणा कोरडा. पुस्तकाचं उलटं, पाठ बाहेर ठेवायची, म्हणजे नाव दिसतं.
सर म्हणाले, "हेच लिहा. अस्संच."
येताना गाडीत जागा नव्हती. नागोठण्यापर्यंत उभी. पण काही वाटलं नाही.

२ एप्रिल
वही नाही! शब्दांची वही! ट्रंका उपसल्या, अंथरूण झटकलं, मोरीसुद्धा पाहिली. परीक्षा बारा दिवसांवर. आई आगरातून आल्यावर तिच्यावर ओरडले. वाईट ओरडले.
ती शांतपणे कणगीशी गेली नि तांदळात कोपरापर्यंत हात घातला. वही बाहेर! "कसर लागली असती गो कागदाला. कडुनिंबाचा पाला घालून ठिवली व्हती. जपायची वस्तू दुसरीकडं कुठं ठिवतात?"
पानापानात पाला. रडू आलं मला. तिची माफी मागितली, तर म्हणते, "चंद्रे, आधी भात खा."

७ एप्रिल
शेवटचा वर्ग. कणगीची गोष्ट सरांना सांगितली. त्यांनी वहीचा वास घेतला. म्हणाले, "आईंना सांगा, मोठमोठ्या ग्रंथालयांत हेच करतात."
मी विचारलं, सर, तो बाहेरचा माणूस माझ्याहून हुशार असेल का? म्हणाले, "असेल. पण तुम्हाला त्याची काळजी कशाला?"
मी म्हटलं, त्याचं तळपट होवो! सर फळा पुसत राहिले.

१४ एप्रिल
परीक्षा झाली. तोच प्रश्न! उडवीवर पाऊण पान लिहिलं. हात दुखतोय.

२ मे
निकाल यायचाय. कपाटं पुसली. गुणाजीशेठ विचारतात, "काय गो, कायतरी कळलं?" नाय म्हटलं.

२५ मे
पास!! त्या पेपरात वर्गात पहिली! गुणाजीशेठनी सगळ्यांसमोर किल्ल्यांचा जुडगा हातात दिला. आईनं आगरातल्या सगळ्या बायांना गूळ वाटला. सरांना कार्ड टाकलं — त्या बाहेरच्याची जिरवली!

१ जून
ग्रंथपाल म्हणून पहिला दिवस. पहिलं काम कार्यालयाचं कपाट आवरणं. नेमणुकीची फाइल निघाली. आत दोनच अर्ज. एक माझा.
दुसरा ४ फेब्रुवारीचा, रोह्याहून. अक्षर वाचायच्या आधीच ओळखलं. सहा महिने माझ्या वहीत तेच तर आहे! नाही, चार महिने. हिशेबही सुचत नाही. खाली सही — दिनानाथ. "सध्याचा वर्ग एप्रिलअखेर बंद होत असून त्यानंतर मला उत्पन्नाचे साधन नाही."
आणि मी त्यांना ते कार्ड टाकलं.