गेरूचे हात

रविवार, संध्याकाळ

उद्या आमच्या छोट्या संग्रहालयाचं उद्घाटन, आणि ते हात गेले. जुन्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या पहिल्या मुलींनी भिंतीवर उमटवलेले गेरूचे हात. त्यांच्यासाठीच तर ही खोली मी भांडून मागून घेतली होती.

बाबा रंगारी. बाहेरून चुना मारून द्या, एवढंच मी त्यांना म्हटलं होतं. मी जैनाबादहून जुने फोटो घेऊन परतले, तर आतली भिंतही पांढरीशुभ्र.

"बघ बेटा, कसं चकाचक केलं! पोरांनी हात पुसून पुसून पार खराब केली होती. पाहुणे काय म्हणतील? आधी चांगली घासली, मग रंग दिला."

त्या हातांबद्दल मी सगळ्यांशी बोलले. बाबांशी का नाही बोलले?

"छान झालंय," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घासलेले हात परत कुठून आणू?

खाली माझी पाटी तशीच आहे: 'मिशनशाळेतल्या पहिल्या मुलींचे हात'. बाबांना वाचता येत नाही. पाटीवर रंगाचा एक थेंब नाही.

"तुझं अक्षर आहे ना," ते म्हणाले, "म्हणून आधी तेच झाकून घेतलं."